इंधनवाहिनीचे सांधे

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग कागलपाशी सोडून हुपरीच्या दिशेने निघाले, म्हणजे थोड्याच अंतरावर उसाच्या फडांमधून कारखान्यांची छपरे डोकावू लागतात, आणि कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवेवर पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आपण केव्हा प्रवेश केला हे नवख्या माणसाला कळतही नाही. येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा विस्तीर्ण कारखाना आहे, उंची कापडाच्या गिरण्या आहेत, आणि त्यांच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या लहानमोठ्या यंत्रशाळा आहेत. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांतून आलेले बिडाचे ओतीव भाग येथे लेथवर चढतात, त्यांना छिद्रे पडतात, आटे पडतात, त्यांची अंगे घासून गुळगुळीत होतात, आणि मग ते मोटारींच्या, ट्रॅक्टरांच्या व पंपांच्या पोटात जाऊन कायमचे दृष्टीआड होतात.

माझ्या नोकरीचा कर्ता काळ अशाच यंत्रशाळांच्या तपासणी विभागात गेला. ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी गेजची जोडी हाती धरून प्रत्येक छिद्राची परीक्षा घ्यायची, शंका आली तर जॉब बाजूस काढायचा, त्याच्या लॉटवर तांबडी चिठ्ठी लावायची, आणि तो लॉट कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हातून निघाला याची नोंद दप्तरी करायची, हा आमचा नित्यक्रम होता. आणि त्या नित्यक्रमातून मनाला जडलेली सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. दोन निरनिराळ्या माणसांनी बनविलेल्या दोन वस्तू जेथे एकमेकींना भेटतात, तेथे दृष्टी आपोआप थबकते. म्हणूनच, याच वसाहतीत दिवसभर मायक्रॉनचा हिशेब सांभाळणारी तरुण मुले पाळी सुटल्यावर रस्त्याकडेच्या गॅरेजात जमून आपापल्या मोटारींची इंजिने अधिक बलवान करण्याच्या उद्योगाला लागतात, तेव्हा माझे लक्ष त्या इंजिनांच्या अश्वशक्तीकडे जात नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळीवर जे सांधे असतात त्यांच्याकडे जाते. त्या सांध्यांविषयी जे कळकळीने सांगावेसे वाटते, ते येथे लिहीत आहे.

मोटारीत फेरफार करण्याच्या या हौसेला मी उनाडपणा समजत नाही. यंत्र उघडून पाहण्याची आणि त्यात स्वतःची भर घालण्याची परंपरा कोल्हापुरात फार जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी याच नगरीत स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडविला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी, शाळेचे शिक्षण जेमतेम असताना, परदेशी तेल-इंजिने खोलून, त्यांचे भाग मोजून, तशीच इंजिने आपल्या भट्ट्यांतून ओतून काढली, आणि ती पंचगंगेच्या व दूधगंगेच्या खोऱ्यांतील विहिरींवर बसून उसाला पाणी देऊ लागली. आज हुपरी रस्त्यावरील मोहिते रेसिंग अकादमीच्या धावपट्टीवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. त्या पाहून परतलेल्या मुलाला घरच्या जुन्या मोटारीचे बॉनेट उघडावेसे वाटले, तर ते या मातीला धरूनच आहे. ही जिज्ञासा म्हणजे या जिल्ह्याची पुंजी होय, आणि तिच्यावर बंदी घालावी असे मी कदापि म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्या क्षणी आपण कारखान्याने बसविलेला एक सांधा सोडवून त्या जागी आपला सांधा बसवितो, त्या क्षणी त्या सांध्यापुरते मूळ निर्मात्याचे दायित्व संपते आणि ते संपूर्णतः आपल्या अंगावर येते. आणि हे हस्तांतर कोणत्याही दस्तऐवजावाचून, सहीशिक्क्यावाचून, बहुतेक वेळा आपल्या ध्यानातही न येता घडून जाते.

हे दायित्व केवढे आहे, याची कल्पना दाबाच्या आकड्यांवरून येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब एका बारच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढा असे. तेवढ्या दाबापुढे निपलवर नुसती ढकलून बसविलेली आणि तारेचा वेढा दिलेली रबरी नळीदेखील वर्षानुवर्षे टिकून राही. इंजेक्शनच्या गाडीत हाच दाब साधारणपणे 3 ते 4 बार असतो. तिला टर्बो बसविला, की टर्बो हवेचा दाब जेवढा वाढवील तेवढाच इंधनाचाही दाब वाढविण्याचे काम दाबनियामकाकडे येते, आणि नळीतील दाब 5 बारांच्या आसपास जातो. थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनांत तर मोठ्या पंपापुढील दाब 100 ते 200 बारांच्या घरात किंवा त्याहूनही वर असतो. त्या भागाला साध्या गॅरेजात हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शक्ती वाढवायची म्हणजे इंधन अधिक हवे; इंधन अधिक हवे म्हणजे मोठा पंप, जाड नळी, नवे फिल्टर, नवा दाबनियामक; आणि यांतील प्रत्येक नव्या भागाच्या दोन्ही टोकांना एकेक नवा सांधा. दाब वाढतो आणि त्याच वेळी सांध्यांची संख्याही वाढते. या दुहेरी वाढीचा हिशेब मांडल्यावाचून जो केवळ अश्वशक्ती मोजतो, त्याच्या मोजणीत मोठीच उणीव राहते.

माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या विहिरींवर मोटा चालत. मोटेचे कातडे पोटात फाटलेले मी क्वचितच पाहिले. ती फाटायची ती लोखंडी कड्याशी, जेथे कातड्याला टाके घातलेले असत. इंधननळीची प्रकृती तीच आहे. चांगल्या प्रतीची नळी सहसा अंगाने फुटत नाही. नळीचा निर्माता एक, फिटिंगचा दुसरा, पंपाचा तिसरा. त्या तिघांनी आपापल्या ठिकाणी आपापली मोजमापे काटेकोर पाळलेली असतात, परंतु त्या तिघांची कधी गाठ पडलेली नसते, आणि त्यांच्या मोजमापांचा मेळ घालण्याचे काम चौथ्यावर, म्हणजे गॅरेजातल्या माणसावर येऊन पडते. माझ्या पाहण्यात आलेल्या गळत्यांपैकी बहुतेकींचे मूळ या न बसलेल्या मेळात होते.

मेळाची पहिली कसोटी आट्यांची. हायड्रॉलिकच्या व हवेच्या कामासाठी लागणारे ब्रिटिश पाइपाचे आटे, ज्यांना दुकानदार बीएसपी म्हणतात, ते आपल्याकडे सर्वत्र मिळतात. मोटारींच्या शर्यतीसाठी बनणाऱ्या पंपांवर व दाबनियामकांवर मात्र पुष्कळदा अमेरिकन एनपीटी आटे असतात. पाव इंची मापात पहिल्याचे एका इंचात 19 आटे, दुसऱ्याचे 18. पहिल्याचा कोन 55 अंशांचा, दुसऱ्याचा 60 अंशांचा. हाताने फिरवून पाहावे तर पहिले दोन-तीन फेरे निमूटपणे आत जातात, मग अडतात. आणि अडले, की पान्याला लोखंडी नळी लावून जोर वाढविण्याचा मोह होतो. त्या जोराने ॲल्युमिनियमचे मऊ आटे मोडतात, सांधा घट्ट बसल्याचा भास होतो, आणि मोडलेल्या आट्यांच्या फटीतून पेट्रोलला वाट मिळते. याहूनही फसवे साम्य 14 मिलिमीटर व्यास, 1.5 पिच हा मेट्रिक आटा आणि 9/16 इंच व्यास, इंचात 18 आटे हा अमेरिकन आटा या दोहोंत आहे. त्यांच्या व्यासांतील अंतर 0.3 मिलिमीटरहूनही किंचित कमी. यंत्रशाळेच्या भाषेत हे जवळजवळ 300 मायक्रॉन झाले, आणि 300 मायक्रॉनने चुकलेला जॉब आमच्या तपासणीच्या मेजापर्यंत पोहोचतच नसे. ऑपरेटरच तो शरमेने बाजूस ठेवी. गॅरेजात मात्र तो बिनदिक्कत मोटारीवर चढतो, कारण तेथे आट्यांचे गेज नसते. पिच-गेज ही पातळ पात्यांची जुडी आहे. तिची किंमत एका चांगल्या फिटिंगहून क्वचितच अधिक असेल, आणि या वसाहतीतला प्रत्येक टर्नर ती खिशात बाळगतो. दिवसा खिशात असलेली ही जुडी संध्याकाळी घरी राहून जाते, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

दुसरी कसोटी सांध्याच्या ओठाची. शर्यतीच्या गाड्यांत वापरली जाणारी एएन पद्धतीची फिटिंगे अमेरिकेच्या लष्कराने व आरमाराने विमानांसाठी ठरविलेल्या मापांतून आलेली आहेत. त्यांच्या सांध्यात शंकूवर शंकू टेकतो, आणि त्या शंकूचा उतार 37 अंशांचा असतो. नेहमीच्या मोटारकामात तांब्याच्या वा पोलादाच्या नळीला जो ओठ काढतात, तो 45 अंशांचा. काही मापांत या दोन्ही पद्धतींचे आटे तंतोतंत एकच असल्यामुळे एकाचे नट दुसऱ्यावर अगदी सुखाने चढते, आणि 8 अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही. पण मग शंकू आपल्या सर्व अंगाने टेकत नाही. केसाएवढ्या एका रेघेवर टेकतो, आणि ती रेघ गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल अडवून धरते, धावणाऱ्या व कंप पावणाऱ्या गाडीत धरीत नाही. याच सांध्याविषयी दुसराही एक गैरसमज फार रूढ आहे. पेट्रोल अडविण्याचे काम येथे शंकू करतो, आटे केवळ त्याला दाबून धरतात. हे न उमगल्यामुळे कित्येक जण आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळतात. ती टेप गळती थांबवीत नाहीच. तिचा एखादा तंतू तुटून नळीत शिरतो आणि इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रात जाऊन अडकतो. शंकू स्वच्छ पुसावा, आट्यांना तेलाचा एक थेंब द्यावा, नट हाताने टेकेपर्यंत फिरवावे, आणि मग निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कपुरतेच आवळावे. त्याहून अधिक जोर लावला, तर ॲल्युमिनियमचा शंकू दबतो, त्याच्यावर खोल कडे उमटते, आणि तो सांधा एकदा सोडविल्यावर पुनः पूर्वीसारखा बसत नाही. आवळून झाले, की नटावरून शेजारच्या भागावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. आमच्या असेंब्लीच्या कामगाराला ही रेघ ओढल्याशिवाय जॉब पुढे सरकविण्याची मुभा नव्हती. नट केसभर फिरले तरी रेघ तुटलेली दिसते, आणि पाहणाऱ्याला पाना हाती घ्यावा लागत नाही.

रबरी होजचा सांधा दिसायला याहून सोपा, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्षही अधिक. प्रत्येक गॅरेजात सापडणारी जुबली क्लिप ही ब्रिटिश आरमारातील लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याची कल्पना. तिचे पेटंट 1921 सालचे. रेडिएटरच्या जाड नळीवर ती आजही उत्तम काम देते. परंतु पेट्रोलच्या बारीक नळीवर तिच्या पट्टीतील खाचांमध्ये रबर शिरून कापले जाते, आणि स्क्रूच्या घरापाशी तिचे वर्तुळ पुरते गोल राहत नाही; नेमक्या त्याच ठिकाणी दाब कमी पडतो. इंजेक्शनच्या नळीसाठी आतून सपाट, कडा बाहेर वळविलेली आणि सर्व बाजूंनी सारखी दाबणारी क्लॅम्प मिळते, तीच वापरावी. क्लॅम्प कितीही चांगली असली, तरी तिच्या आत जी नळी आहे तिच्या टोकाला उंचवटा हवा. कापलेल्या सरळ नळीवर होज चढवून क्लॅम्प आवळणे म्हणजे केवळ घर्षणावर भरवसा ठेवणे, आणि पेट्रोलने ओलसर झालेल्या पृष्ठभागावर घर्षण ते कितीसे उरणार? होजच्या अंगावरील छापील अक्षरेही वाचण्यासाठीच असतात. एसएई जे30 या मानकातील आर6 व आर7 या जाती कमी दाबासाठी आहेत. इंजेक्शनच्या दाबाला आर9 लागते. आणि टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर10 ही वेगळीच जात आहे, कारण तेथे होजवर पेट्रोलचा मारा आतून आणि बाहेरून असा दोन्हीकडून होतो. मोठा पंप टाकीत बसविताना बाहेरच्या होजचाच उरलेला तुकडा आत लावून दिलेला मी पाहिला आहे. काही महिन्यांत त्याचे बाहेरचे आवरण फुगून मऊ पडते, आणि तो निपलवरून सुटला, की गाडी भर रस्त्यात बंद पडते.

एका उन्हाळ्यात वसाहतीलगतच्या एका गॅरेजात मला बोलावणे आले. टर्बो बसविलेली एक जुनी मोटार तेथे उभी होती आणि तिचा तरुण मालक, जो दिवसा एका यंत्रशाळेत ऑपरेटर होता, तिच्याभोवती चिंतातुर होऊन फिरत होता.

“काका, वास येतोय खरं वलं कुठंच दिसंना झालंय,” तो म्हणाला.

तापलेल्या इंजिनावर पेट्रोल थेंबाच्या रूपाने दिसत नाही. ओघळण्याआधीच त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेहून तीन-चार पटींनी जड असल्यामुळे खाली उतरून गाडीच्या तळाशी, गॅरेजाच्या खड्ड्यात साचून राहते. पेट्रोलची वाफ पेटण्याजोगी होण्यास उष्णता लागतच नाही. शून्याखाली 40 अंशांपर्यंतदेखील ती पेट घेऊ शकते. म्हणून वास आला आणि ओल दिसली नाही, तर त्याचा अर्थ गळती लहान आहे असा होत नाही. मी त्याला गाडी ढकलत बाहेर उघड्यावर आणायला लावली आणि म्हटले, “आता काही खोलू नको. रात्रभर गार होऊ दे. सकाळी इंजिन न पेटवता नुसती किल्ली फिरवून पंप चालव, आणि एकेका सांध्याला पांढरा कागद टेकवून बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाबनियामकाच्या अंगात बसलेल्या फिटिंगपाशी कागदावर डाग उमटला. तो सांधा ओ-रिंगचा होता, आणि ती ओ-रिंग हवेच्या फिटिंगच्या पुडीतून काढलेली साधी नायट्राइल रबराची होती. पेट्रोलात ती आधी फुगली, गाडी उभी राहिल्यावर सुकून आक्रसली, इंजिनाच्या धगीने ताठरली, आणि सकाळच्या गारव्यात तिने फटीची साथ सोडली.

“हीच रिंग कंपनीत तेलाला चालती की,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

“तेलाला चालते, बाळा. आजच्या पेट्रोलाला फ्लुओरोकार्बनची लागते. व्हिटॉन म्हणून माग. आणि दोन्ही काळ्याच दिसतात, तेव्हा दुकानदाराकडे पुडीवरचा दाखला बघितल्याशिवाय घेऊ नको.”

आजच्या पेट्रोलाला, असे मी मुद्दाम म्हटले, आणि त्याचा कागलशी फार निकटचा संबंध आहे. पेट्रोलात 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्या देशात जानेवारी 2003 मध्ये सुरू झाला. 10 टक्क्यांचा टप्पा जून 2022 मध्ये गाठला गेला. 20 टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये आरंभिली गेली आणि 2025 मध्ये ते देशभरचे नेहमीचे पेट्रोल झाले. ज्या उसाच्या फडांमधून आपण या वसाहतीत शिरतो, त्याच उसाची मळी व रस या तालुक्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत जातो आणि इथेनॉल होऊन बाहेर पडतो. इंधननळीतून आज आमचा ऊसही वाहतो, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही, आणि आमच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या नव्या मिश्रणाचा स्वभाव जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला, की पाणी व इथेनॉल पेट्रोलापासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि तेथील धातूला गंज व चट्टे पडू लागतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा ती पाहण्यास आम्ही आबालवृद्ध गर्दी करतो. अशा जुन्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांपुढे हा प्रश्न साहजिकच उभा राहतो, आणि नळ्या व वॉशरे नव्या जातीच्या रबराची घालणे हाच त्यावरील उपाय आहे. फेरफार केलेल्या मोटारींची स्थिती त्याहून निराळी नाही, कारण त्या बहुधा वीस टक्क्यांच्या जमान्याआधीच्या असतात.

शिवाय शक्तीच्या उपासकांना इथेनॉलचे विशेष आकर्षण आहे. त्याचा ऑक्टेन अंक उच्च असल्यामुळे टर्बोचा दाब अधिक वाढविता येतो. मात्र एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला 9 किलोच पुरते; म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल कितीतरी अधिक मोजावे लागते. म्हणून नळी आणखी जाड, पंप आणखी मोठा, आणि रबराऐवजी आतून पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचे, अस्तर असलेली होज. ही होज इथेनॉलाला उत्तम तोंड देते, परंतु तिची फिटिंगे रबरी होजच्या फिटिंगांहून वेगळी असतात. तिच्या अस्तरावर एक लहान पितळी कडे चढवावे लागते, आणि ते तिरके बसले तर सांधा पहिल्या दिवसापासून गळतो. दोन जातींची फिटिंगे एका पुडीत मिसळली, तर बाहेरून ती ओळखू येत नाहीत. यासाठी आमच्या स्टोअरमध्ये जसे रकाने असत, तसे गॅरेजातही असावेत असे मला वाटते.

मग कंप. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते, डुलते, झटका बसला की एका अंगाला कलते; मोटारीचे अंग मात्र स्थिर असते. त्या दोहोंना जोडणारी होज ताणून बसविली, तर इंजिनाची प्रत्येक हालचाल सांध्यावर ओढ देते, आणि ॲल्युमिनियमचे फिटिंग त्या ओढीने मानेपाशी तडकते. म्हणून होजला थोडी शिथिलता द्यावी, आणि ती शिथिलता लोंबकळू नये म्हणून तिला रबरी अस्तराच्या क्लिपांनी ठिकठिकाणी अंगाशी बांधावी. पोलादी जाळीची होज देखणी असते. पण तिची जाळी कानशीसारखी घासते आणि शेजारची वायर, प्लॅस्टिकची नळी, प्रसंगी ॲल्युमिनियमचा पाइपदेखील हळूहळू कापून काढते. टर्बोच्या घराजवळून ती नेऊ नये, आणि नेणे अपरिहार्य असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा ठेवावा. कारण जोरात चालविलेल्या गाडीचे टर्बोचे घर तांबडे होईपर्यंत तापते, आणि पेट्रोलची वाफ स्वतःहून पेटण्यास 300 अंशांच्या आतील उष्णता पुरेशी असते.

अशा आगीचे एक उदाहरण शर्यतीच्या जगातले आहे. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमँ ग्रोझाँ या चालकाची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली आणि दुभंगून पेटली. ज्वाळांमधून बाहेर यावयास त्याला 27 सेकंद लागले. पुढे आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाने केलेल्या चौकशीत आढळले, की इंधनाच्या पिशवीची तपासणी-झडप निखळली होती, आणि इंजिनाकडे जाणारी इंधनाची जोडणी त्या पिशवीपासून उखडली गेली होती. जगातील निष्णात अभियंते, अमाप द्रव्य, काटेकोर नियम, आणि तरीही पेट्रोलला वाट मिळाली ती जोडणीच्या जागी. त्याच महासंघाच्या नियमावलीत शर्यतीच्या गाडीतील लवचिक इंधननळी 135 अंश उष्णतेत 70 बार दाब सहन करणारी असावी, तिचे सांधे आट्यांचे किंवा दाबून बसविलेले असावेत, आणि प्रवासी बसतात त्या भागात एकही सांधा असू नये, असे दंडक आहेत. चेन्नई वा कोइम्बतूरच्या धावपट्टीवर उतरण्यापूर्वी गाडीची तपासणी होते, आणि तपासनीस गाडी बाजूला काढू शकतो. आमच्या रस्त्यावरच्या गाडीला असा तपासनीस नाही. कायदा आहे: मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ कडक केला आहे. कायदा पाळला पाहिजे, आणि ज्याला इंजिनाची शक्ती अजमावायची आहे त्याने ती धावपट्टीवर अजमावावी. पण कायद्याचा अंमल सांध्यापर्यंत पोहोचत नाही. ओ-रिंग कोणत्या रबराची आहे हे पाहायला आरटीओच्या कचेरीतला कोणी येणार नाही.

म्हणून माझी सूचना या वसाहतीतल्या कारखानदारांना व फोरमनांना आहे. आपल्या यंत्रशाळांत टॉर्कचे पाने ठरावीक मुदतीने प्रमाणित करून घेतले जातात, आट्यांची गेजे कुलपात जपली जातात, आणि ही सर्व सामग्री साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी निजून असते. त्या दिवशी एखाद्या यंत्रशाळेने आपल्याच तरुण कामगारांसाठी एक मेज उघडे ठेवावे. मुलांनी गाडी आणू नये; तयार केलेली नळी तिच्या दोन्ही टोकांच्या फिटिंगांसह आणावी. फोरमनने आटे गेजवर पाहावेत, ओठाचा कोन पाहावा, रबराचा दाखला मागावा, आणि मग नळी पेट्रोलाशिवाय, तेल भरून, चालू दाबाच्या दुप्पट दाबाखाली काही वेळ धरून ठेवावी. होजवर फिटिंगच्या कडेला चिकटविलेली टेप जागची सरकली, तर होज आतून सुटत आहे हे लगेच कळते. उत्तीर्ण झालेल्या नळीवर तारीख टाकावी, आणि वहीत होजची जात, तिच्या अंगावरचा उत्पादनाचा काळ, ओ-रिंगचे रबर, दिलेला टॉर्क आणि पुढील तपासणीची मुदत यांची नोंद व्हावी, जशी आपण गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या प्रत्येक लॉटची करतो. पहिली फेरतपासणी गाडी तापून गार झाल्यावर, दुसरी काही आठवड्यांनी, आणि रबरी होज तर ती गळो वा न गळो, ठरलेल्या वर्षांनी बदलावी. अशा चाचणीसाठी लागणारा संच म्हणजे एक हातपंप, एक दाबमापक, एक झडप आणि चार अडॅप्टर. साहित्य हाती दिले, तर या वसाहतीतला कोणताही टर्नर तो आठवडाभरात बनवून देईल.